१०० एमबीपीएसची जोडणी असूनही टोरेंटचा वेग ४०० केबीवर का अडकतो?

पार्लेकर_ग्रंथसेवक

विलेपार्ले येथील एका लहान वाचनालयाच्या संगणक कक्षाची व्यवस्था माझ्याकडे आहे. कक्षातील जुन्या संगणकांवर उबुंटू आणि डेबियन या मोफत संगणक प्रणाली बसवण्याचे ठरले असून त्यांच्या आयएसओ (प्रणाली बसवण्यासाठीच्या) फाइल मी अधिकृत संकेतस्थळांवरील टोरेंटद्वारे, म्हणजे एकाच फाइलचे तुकडे अनेक संगणकांकडून घेण्याच्या पद्धतीने, उतरवून घेत आहे. त्याखेरीज इंटरनेट आर्काइव्हवरील काही जुन्या मराठी नियतकालिकांचे स्कॅनही याच मार्गाने हवे आहेत. जोडणी आमच्या भागातील केबलचालकाची, १०० एमबीपीएसची आहे आणि स्पीड टेस्टमध्ये नव्वदच्या वर आकडा येतो. उबुंटूची सुमारे सहा जीबीची फाइल ब्राउझरमधून थेट उतरवल्यास वेग सेकंदाला ११ एमबीपर्यंत जातो. तीच फाइल क्यूबिटटोरेंट या टोरेंट उतरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ४०० केबीच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे जे काम दहा मिनिटांत व्हावे त्याला चार तास लागतात.

सीडच्या (पूर्ण फाइल असलेल्या व ती इतरांना देणाऱ्या संगणकांच्या) रकान्यात कंसातला आकडा शेकड्यांत दिसतो, पण प्रत्यक्ष जोडलेले सीड मोजकेच असतात. खिडकीच्या तळाशी ज्वाळेसारखे पिवळे चिन्ह कायम असते. टोरेंट चालू असताना कार्यालयातील व्हिडिओ कॉल अडखळत असे, म्हणून संगणकांची देखभाल करणाऱ्या मुलाने अपलोडवर सेकंदाला ५ केबीची मर्यादा घातली. कॉल सुधारले, पण पूर्वी दोन एमबीच्या आसपास मिळणारा वेग आणखी खाली आला. केबलचालक टोरेंटचा वेग मुद्दाम दाबत असावा, अशी शंका येते. तो अर्थातच नाही म्हणतो. अशा वेळी पैसे भरून व्हीपीएन (वाहतूक झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) घेणे योग्य ठरेल का?

माहीमचा_तंत्रज्ञ

व्हीपीएनचा खर्च तूर्त करू नये. वेग दाबला जात असेल तर व्हीपीएनने फरक पडतो हे खरे, पण बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी पोर्ट (प्रवेशाचे दार) उघडून न देणारी सेवा घेतली, तर ती पिवळी ज्वाळा, म्हणजे बाहेरच्या जोडण्या आत येत नसल्याची खूण, जिथल्या तिथेच राहील. नेट न्यूट्रॅलिटीचे (सर्व इंटरनेट वाहतुकीला समान वागणूक देण्याचे) नियम दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये मान्य केले असून, वाजवी वाहतूक व्यवस्थापन वगळता, विशिष्ट प्रकारची वाहतूक मुद्दाम संथ करण्यास त्यात मनाई आहे. नियम आहे म्हणून तो सगळेच पाळतात असे नाही. परंतु शंकेची पडताळणी फुकट करता येते. क्यूबिटटोरेंटच्या बिटटोरेंट विभागात एन्क्रिप्शन (वाहतूक सांकेतिक करून झाकणे) सक्तीचे करून काही वेळ पाहावे. वेग एकदम चढला तर शंकेत तथ्य आहे. न चढल्यास ते पुन्हा ऐच्छिक करावे, कारण सक्ती ठेवल्यास एन्क्रिप्शन न वापरणाऱ्या पिअरना (टोरेंटमधील इतर संगणकांना) आपण विनाकारण मुकतो.

शोध घेताना विंडोजमधील टीसीपीआयपी फाइल बदलण्याचा सल्लाही आपल्या वाचनात येईल. तो विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मधील, म्हणजे २००४ सालच्या, एका वेळी सुरू करता येणाऱ्या जोडण्यांवरील मर्यादेवरचा उपाय होता. आजच्या विंडोजमध्ये ती मर्यादाच नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

आता दोन गोष्टी कळवाव्यात. राउटरच्या स्थिती-पानावर वॅन आयपी (केबलचालकाकडून राउटरला मिळालेला पत्ता) म्हणून कोणता पत्ता दिसतो? आणि संगणक वायफायवर आहे की तारेने जोडलेला आहे?

पार्लेकर_ग्रंथसेवक

वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, परंतु 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता येतो. संगणक वायफायवर आहे. राउटर जिन्याजवळच्या पेटीखाली, दोन भिंती पलीकडे आहे. एन्क्रिप्शन सक्तीचे करून पाहिले. काहीही फरक पडला नाही.

ठाणे_नेटवर्कवाला

आपल्याकडे एकाच वेळी तीन अडथळे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, म्हणून ते वेगवेगळे सोडवावेत.

सर्वांत मोठा अडथळा म्हणजे ती ५ केबीची मर्यादा. अपलोड बंद केले की सगळी ताकद डाउनलोडला मिळेल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात डाउनलोड चालण्यासाठीही संगणकाला सतत काही ना काही पाठवावे लागते. आलेल्या प्रत्येक एक-दोन पॅकेटमागे (माहितीच्या लहान तुकड्यांमागे) एक पोचपावती जाते आणि ती साधारण ४० बाइटची असते. क्यूबिटटोरेंटमध्ये वेगमर्यादा वाहतुकीच्या ओव्हरहेडलाही (फाइलखेरीज जाणाऱ्या पूरक माहितीलाही) लागू करण्याचा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर या पोचपावत्याही त्याच ५ केबीतून वजा होतात. ५ केबीत सेकंदाला जेमतेम १२८ पोचपावत्या बसतात. एका पावतीमागे १४६० बाइटची दोन पॅकेट धरली, तरी हिशेब सेकंदाला ३७० केबीच्या आसपास येतो. आपला आकडा ४०० चा आहे. हा योगायोग वाटत नाही.

मर्यादा पूर्ण काढणेही चूक ठरेल. अपलोड मोकळे सोडले की राउटरमध्ये जाणाऱ्या पॅकेटची रांग लागते, पोचपावत्या तिच्या शेपटीला अडकतात आणि व्हिडिओ कॉल अडखळतो. आपल्याकडे पूर्वी जे होत होते ते हेच. स्पीड टेस्टमधील अपलोडचा आकडा घ्यावा, त्याला आठने भागून (आठ बिट म्हणजे एक बाइट) एमबी करावेत आणि त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर मर्यादा लावावी.

दुसरे म्हणजे, बिटटोरेंटमध्ये, म्हणजे टोरेंटच्या नियमपद्धतीत, देवाणघेवाणीला मोल आहे. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये हा प्रोटोकॉल आणला तेव्हापासून त्याची रचनाच अशी आहे की, जो आपल्याला देतो त्यालाच पिअर प्राधान्याने देतात. मूळ पद्धतीत दर दहा सेकंदांनी हा फेरविचार होतो आणि दर तीस सेकंदांनी एखाद्या नव्या पिअरला संधी दिली जाते. सीडकडे पूर्ण फाइल असते, त्यांना आपल्याकडून काही नको असते. म्हणून उबुंटूसारख्या सीडबहुल टोरेंटवर या नियमाचा परिणाम कमी जाणवतो. जिथे सीड एक-दोन आणि अर्धवट फाइलवाले पिअर पंधरा-वीस आहेत, तिथे मात्र ५ केबी देणाऱ्याची कोणी दखल घेत नाही.

तिसरा अडथळा पिवळ्या ज्वाळेचा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सेवादात्याच्या अंतर्गत वापरासाठी २०१२ पासून राखून ठेवलेले आहेत. आपला पत्ता त्यात बसतो, म्हणजे केबलचालकाने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी दिला आहे. यालाच सीजी-नॅट म्हणतात. सोसायटीच्या फाटकावर एकच इंटरकॉम असावा आणि बाहेरच्याला थेट आपल्या घराची घंटा वाजवता येऊ नये, तसा हा प्रकार आहे. आपण बाहेर जाऊ शकता, बाहेरचा आत येऊ शकत नाही. ज्यांचे पोर्ट बंद आहेत असे दोन पिअर एरवी एकमेकांशी सहजासहजी जोडले जात नाहीत, म्हणून शेकडो सीडपैकी थोडेच आपल्या वाट्याला येतात. राउटरमध्ये यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडण्याची सोय) चालू करून किंवा पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही, कारण अडसर आपल्या राउटरच्या पुढे आहे. केबलचालकाकडे सार्वजनिक आयपी मागावा. बहुतेक चालक तो मासिक शुल्क घेऊन देतात. 'टोरेंट चालत नाही' अशी तक्रार करू नये. सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठीही हीच सोय लागते, त्यामुळे 'पब्लिक आयपी हवा' एवढे सांगितले की त्याला कळते. त्याच्याकडे आयपीव्ही६ (पुष्कळ पत्ते असलेली नवी पत्तापद्धती) असल्यास आधी ते चालू करून पाहावे, कारण तिथे सीजी-नॅटची गरजच नसते. राउटरच्या फायरवॉलमध्ये क्यूबिटटोरेंटचे पोर्ट तेवढे मोकळे करावे लागेल.

माहीमचा_तंत्रज्ञ

ओव्हरहेडचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, उत्तम. वायफायविषयी थोडी भर घालतो. पार्ल्यासारख्या दाटीच्या वस्तीत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारची पंधरा-वीस नेटवर्के सहज दिसतात आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच. शक्य असेल तर तारच ओढावी. ती ओढताना तिच्यातील तारांच्या चारही जोड्या नीट बसवून घ्याव्यात, नाहीतर पुढे वरचा प्लॅन घेतला तरी जोडणी १०० एमबीपीएसवरच राहील. तसेच चालकाने फुकट दिलेले राउटर एका वेळी फार जोडण्या सांभाळू शकत नाहीत. क्यूबिटटोरेंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते, ती २०० वर आणावी. आकडा वाढवला की वेग वाढतो, या सल्ल्यावर विश्वास ठेवू नये.

पार्लेकर_ग्रंथसेवक

ओव्हरहेडचा पर्याय खरोखरच चालू होता. तो बंद केला, अपलोडची मर्यादा सेकंदाला ८ एमबीवर नेली, जोडण्या २०० केल्या आणि संगणक तात्पुरत्या तारेने जोडला. उबुंटूचा वेग आता सेकंदाला ८ ते ९ एमबी आहे आणि कॉलही अडखळत नाहीत. ज्वाळा अजून पिवळीच आहे. केबलचालक आयपीव्ही६ देत नाही. सार्वजनिक आयपीच्या शुल्कासाठी कार्यकारिणीची मंजुरी घ्यावी लागेल. इंटरनेट आर्काइव्हचे टोरेंट मात्र तसेच संथ आहेत आणि त्यांपैकी एक ९८ टक्क्यांवर थांबले आहे.

ठाणे_नेटवर्कवाला

उबुंटूपुरता प्रश्न सुटला असेल, तर केवळ त्यासाठी सार्वजनिक आयपीवर खर्च करण्याची गरज नाही; कमी सीडच्या टोरेंटसाठी किंवा आपण स्वतः सीड करणार असाल तरच तो घ्यावा.

आर्काइव्हच्या टोरेंटचा प्रकार वेगळा आहे. तिथे पिअर बहुधा नसतातच. टोरेंटमध्ये वेब सीड दिलेला असतो, म्हणजे फाइल आर्काइव्हच्या अमेरिकेतील सर्व्हरवरूनच येते आणि एवढ्या अंतरामुळे प्रत्येक जोडणीचा वेग मर्यादित राहतो. आपले सेटिंग बदलून यात विशेष काही साधणार नाही. रात्री सलग चालू ठेवावे किंवा हव्या असलेल्या पीडीएफ तेवढ्या निवडून बाकीच्या वगळाव्यात.

९८ टक्क्यांवर थांबलेल्या टोरेंटची 'उपलब्धता' पाहावी. तो आकडा एकपेक्षा कमी असेल, तर जोडलेल्या पिअरपैकी कोणाकडेही उरलेले तुकडे नाहीत. मात्र वेब सीड त्या हिशेबात धरलेले नसण्याची शक्यता आहे, म्हणून एचटीटीपी स्रोतांचा टॅबही पाहावा. स्रोत तिथे असूनही टोरेंट हलत नसेल, तर टोरेंट बनल्यानंतर आर्काइव्हवर त्या संग्रहातील एखादी फाइल बदलली गेली असावी. मग उतरलेला तुकडा हॅशच्या (तुकडा अचूक असल्याचे दाखवणाऱ्या खुणेच्या) तपासणीत नापास होतो, फेकला जातो आणि पुन्हा मागवला जातो. संग्रहाच्या पानावरून टोरेंट फाइल नव्याने घ्यावी, जुनी नोंद फाइल न पुसता काढून टाकावी, नवे टोरेंट त्याच फोल्डरवर लावावे आणि 'पुन्हा तपासा' चालवावे. आधी उतरलेला भाग बहुतांश जसाच्या तसा धरला जाईल.