डबीमागची यादी वाचून चांगलं क्रीम ओळखता येतं का?

निशिगंध
हल्ली दोन सीरमच्या घटकांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून लोक छातीठोकपणे सांगतात की दोन्ही एकच आहेत, कुठलंही घ्या. मला हे अजिबात पटत नाही. काय टाळायचं ते यादीवरून कळतं, पण दोघांतलं सरस कुठलं ते कळत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे खरा, पण १ टक्क्याच्या खालचे घटक कसेही मागेपुढे लिहिले तरी चालतात. त्यामुळे चिमूटभर टाकलेला फुलाचा अर्क छान वरती दिसतो आणि आपण भुलतो.
व्हिटॅमिन सी चंच बघा. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, त्वचेत नीट शिरायला पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साडेतीनच्या खाली लागतो आणि प्रमाण २० टक्क्यांच्या वर नेलं तर आणखी शिरत नाही. आता पीएच यादीत कोण लिहितं? बरं, तेच सीरम पारदर्शक बाटलीत उजेडात ठेवलं, रोज झाकण उघडलं की हळूहळू पिवळं पडतं, मग मधासारखं तपकिरी होतं, म्हणजे कामाचं व्हिटॅमिन सी बरंचसं गेलंच की. यादी मात्र आहे तशीच.

रसायनवाला
असहमत. यादी वाचता येत नसेल तर तो यादीचा दोष कसा? एक साधी युक्ती सांगतो. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्वेटिव्ह बऱ्याच क्रीम्समध्ये असतं आणि युरोपियन युनियनमध्ये त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्याच्या खाली जे काही लिहिलंय ते सगळं १ टक्का किंवा त्याहून कमी. पुढे मोठ्या अक्षरात नियासिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) आणि मागे ते फेनॉक्सीइथेनॉलच्याही खाली, तर ठेवून द्यायची ती डबी. डागांवरचे चांगले अभ्यास २ ते ५ टक्क्यांवर झालेत, रंगद्रव्याचे कण वरच्या पेशींपर्यंत पोचायला अडथळा येतो म्हणून डाग फिकट होतात, ते नावापुरतं टाकून कसं होणार?

ओंजळ
रसायनवाला, ही युक्ती नियासिनामाइडला चालते हो, पण लोक ती सगळ्यालाच लावतात आणि तिथेच फसतात. रेटिनॉल घ्या, म्हणजे व्हिटॅमिन ए चा एक प्रकार. युरोपनेच २०२४ मध्ये चेहऱ्याच्या क्रीमसाठी ०.३ टक्के ही मर्यादा घातली, म्हणजे तिथल्या नियमातलं रेटिनॉल क्रीम असेल तर ते यादीत खालीच असणार! त्वचेत गेल्यावर त्याचं आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक ॲसिड होतं आणि एवढ्याशा प्रमाणातही ते काम करतं, एवढंच कशाला, जास्त झालं तर सालं निघतात. हायलुरोनिक ॲसिडही तसंच, १ टक्क्याच्या आतच द्रव घट्ट जेलसारखा होतो, मग वरती कुठून येणार.

रसायनवाला
रेटिनॉलचं मान्य. पण मग घटकागणिक प्रमाण माहीत करून घ्या ना, यादी टाकून कशाला द्यायची? हायलुरोनिक ॲसिडचं नाव काढलंत म्हणून सांगतो, त्याचे मोठे रेणू त्वचेच्या वरच राहतात आणि पाणी धरायचं काम साधं ग्लिसरीनही उत्तम करतं. यादीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला ग्लिसरीन दिसलं की मला ते क्रीम आवडतं. त्याची जाहिरात कोणी करत नाही कारण नाव चकचकीत नाही.

आळशी_मांजर
ग्लिसरीनला +१. पण हवा फार कोरडी असेल तर नुसतं पाणी धरणारं लावून भागत नाही, वरून ते उडू न देणारं काहीतरी लागतं. त्यात पेट्रोलियम जेलीचा हात कोणी धरत नाही. चिकट लागते, पण फाटलेल्या टाचांना दुसरं काही लावूच नका.

पिंपळपान
तुम्ही सगळे काय काम करतं त्यावर भांडताय. माझा प्रश्न वेगळाय, काय अपाय करतं ते आधी बघायला नको का? मी पॅराबेन, म्हणजे ती क्रीम टिकवणारी प्रिझर्वेटिव्ह्ज, नसलेलंच घेते. २०१४ मध्ये युरोपने पाच पॅराबेन्सवर बंदी घातली, उगाच घातली का?

निशिगंध
पिंपळपान, त्या पाचांच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नाही म्हणून ती बंद झाली, मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत आजही चालतात. आणि पॅराबेन काढून काय घातलं तेही बघा की! बऱ्याच कंपन्यांनी मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं दुसरं प्रिझर्वेटिव्ह घातलं आणि लोकांच्या चेहऱ्यावर, हातांवर खाजरे चट्टे उठायला लागले, इतके की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं आणि युरोपने २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीम्समधून ते बंदच केलं. त्याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेनला वर्षाचा नॉन-ॲलर्जन म्हटलं, कारण त्याची ॲलर्जी फार क्वचित येते. घाबरून पळताना आपण कुठे जाऊन पडतोय ते बघायला हवं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण पुढच्या बाजूला 'मुक्त' लिहून विकणाऱ्यांचं काही जात नाही, चट्टे आपल्या अंगावर उठतात.

पिंपळपान
ॲलर्जी क्वचित येते हे ठीक, पण माझी काळजी हार्मोन्सची आहे, ती या उत्तराने मिटत नाही. पर्याय असताना मी कशाला वापरू? पर्याय नीट निवडावा एवढं मात्र पटलं. म्हणून मी नैसर्गिक तेलंच बरी म्हणते.

ओंजळ
नैसर्गिकचं एवढं धरून बसू नका प्लीज. लॅव्हेंडरच्या तेलात लिनॅलूल असतं, ते हवेत राहून ऑक्सिडाइज झालं की त्याचीच ॲलर्जी येते, आणि लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडतात. माझ्या बहिणीला कुठल्याशा हर्बल क्रीमने पापण्या सुजल्या होत्या, यादीत नुसतं 'परफ्यूम' लिहिलेलं, आता त्या एका शब्दाखाली पन्नास गोष्टी असू शकतात, नक्की कशाने सुजलं ते कसं शोधणार? युरोपात आधी २६ सुगंधी ॲलर्जन्स नावानिशी लिहायला लागायचे, २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर गेली. ते सगळीकडे व्हायला पाहिजे.

रसायनवाला
बघा, म्हणजे शेवटी यादी आणखी मोठी हवी असंच तुम्हीही म्हणताय ना.

निशिगंध
टाळण्यासाठी हवीच, ते मी पहिल्यापासून म्हणतेय. पण निवडण्यासाठी मला टक्केवारी, पीएच आणि उघडल्यावर किती महिने टिकतं हे हवंय आणि यातलं फक्त शेवटचं डबीवर मिळतं, तेसुद्धा उघड्या झाकणाच्या चित्रात १२एम वगैरे लिहिलेलं. तुमच्या फेनॉक्सीइथेनॉलच्या युक्तीने व्हिटॅमिन सी चा पीएच काढून दाखवा, मी ऐकते.

रसायनवाला
पीएच नाही निघणार. पण यादीत एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड आहे की ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड हा व्हिटॅमिन सी चा दुसरा प्रकार ते तर दिसतं, आणि दुसरं असेल तर एवढा कमी पीएच लागतच नाही, मग निम्मा प्रश्न यादीनेच सोडवला.

आळशी_मांजर
आणि उरलेला निम्मा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस वाट बघून सोडवा. ॲलर्जी लगेच उठत नाही, दोन दिवसांनीही उठते.