जुन्या स्कूल बसमधे घडी होणारा शॉवर, ३ बाय अडीच फुटात कसा बसवायचा?

चाकांवरचं_घर

नमस्कार मंडळी. आम्ही एक जुनी २६ सीटर स्कूल बस घेतलीये, सीटा काढून झाल्या, आतलं काम पुण्यात चालू आहे. कायम राहणार नाही आहोत त्यात, पण सुट्ट्यांमधे कोकण, गोवा, हंपी असं निवांत फिरायचं आणि दर मुक्कामाला लॉज शोधत बसायचं नाही, हा सगळा खटाटोप त्यासाठीच. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ७२ च्या आहेत, गुडघे दुखतात, म्हणून आंघोळीची नीट सोय झाल्याशिवाय त्यांना नेणं मला पटत नाही.

आतली रुंदी साडेसहा फूट आहे. उजवीकडे २ फुटाचा किचन ओटा, मागे आडवा बेड, टॉयलेट पोर्टेबल, ते बेडखाली सरकतं. शॉवरला उरली ती जागा म्हणजे डावीकडे मागच्या चाकाचा जो उंचवटा आत आलाय त्याच्या शेजारची जमीन, ३ फूट लांब आणि अडीच फूट रुंद. पण तोच बेडकडे जायचा रस्ता आहे, म्हणजे आंघोळ झाली की सगळं गायब व्हायला हवं आणि तिथून चालता आलं पाहिजे. छत ६ फूट १ इंच, नवरा ५ फूट ११.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, घडीचा प्लास्टिक टब आणि छतावरून पडदा. दोन, जमिनीत स्टीलचा ट्रे बुडवायचा आणि वर झाकण. तीन, प्लायचे पॅनल बिजागऱ्यांवर, भिंतीला घडी होऊन बसणारे. फॅब्रिकेटर म्हणतोय की कायमची फायबरची केबिन करा, ती मला नकोय कारण सगळी बसच अडते त्यात. पाणी किती लागेल, गरम कसं करायचं, आणि खालचा पत्रा सडणार नाही यासाठी काय करायचं तेही सांगा.

पत्राकाम_सांगली

ताई, आमचा बॉडी बिल्डिंगचाच धंदा आहे, वडिलांपासून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दोन नंबरचा पर्याय त्या जागी होणार नाही. मागच्या चाकाच्या शेजारी जमिनीखाली चासी, पाटे आणि एक्सल असतो आणि गाडी खड्ड्यात गेली की एक्सल वर येतो, ती जागा मोकळी राहायलाच पाहिजे. तिथे ट्रे खाली बुडवायचं कोणी कबूल केलं तर त्याला काम देऊ नका. घडीच्या टबला तळ असतो पण त्यातलं पाणी गाडीखाली जायची सोय नसते, भरलेला टब उचलून दारापर्यंत न्यायचा कोणी? त्यात १५ लिटर म्हणजे १५ किलो पाणी, हलतं पाणी, ओट्यावर आणि बेडवर सांडणारच.

माझं मत असं की तळ घडी करायच्या भानगडीत पडूच नका, तळ पक्का ठेवा आणि फक्त भिंती घडी करा. ट्रे जमिनीवरच बसवा, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, सव्वा मिलिमीटरच्या आसपास, चारी कडा अडीच इंच वर वळवलेल्या, कोपरे टिग (आर्गॉनच्या) वेल्डिंगने भरून पॉलिश केलेले, मधे एकही जोड नको. चाकाच्या बाजूची कड मात्र वर चढवून उंचवट्यावरून भिंतीपर्यंत न्या. उतार ५० ला १ ठेवला तरी ३ फुटात पाऊण इंच होतो, तेवढा पुरतो.

निचऱ्याची भोकं दोन ठेवा, पुढच्या कडेला डाव्या-उजव्या कोपऱ्यात. बस कधीच सपाट उभी राहत नाही, रस्ता कडेला उतरता असतो, एकच भोक असलं की बरोबर विरुद्ध कोपऱ्यात पाणी साचतं. आणि उतार पुढे का, तर मागच्या चाकांखाली फळ्या घातल्या की नाक खाली जातं आणि ट्रे आपोआप रिकामा होतो. भोक पाडायच्या आधी बस पिटवर (गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर) घेऊन खालून बघा, डिझेलची लाईन, ब्रेकचे पाईप, वायरिंग, सगळं तिथूनच जातं. आडवे मेंबर, म्हणजे जमिनीखालचे लोखंडी आडवे बार, कापायचे नाहीत, भोक दोन इंच सरकवा पण मेंबर कापू नका.

आता झाकण, यातच तुमची जागा वाचते. १२ मिमी मरीन प्लायचं ३ बाय अडीचचं झाकण करा, ओट्याकडच्या लांब कडेला अखंड पियानो बिजागरी लावा. खाली पाडलं की तो चालायचा रस्ता, उभं केलं की ओट्याच्या बाजूला अडीच फूट उंच भिंत. म्हणजे भिंत वेगळी करायचीच गरज नाही. झाकणाची खालची बाजू आंघोळीच्या वेळी पाण्याकडे येते, म्हणून त्या बाजूला फायबर मॅट आणि रेझिनचे दोन थर द्या, प्लायच्या कडाही त्यात बुडवून घ्या, पाणी कायम कडेतूनच शिरतं. झाकण उभं राहायला छोटी कडी, आणि गाडी चालू असताना ते खालीच असलं पाहिजे.

गिरगावची_मावशी

वरचं सगळं वाचलं, झाकणाची कल्पना फार आवडली. मी एक वेगळं सांगते. शॉवर हा शब्द आला की आपण उभ्याने आंघोळ धरूनच चालतो, आणि मग ६ फूट उंच पडदे, डोकं छताला लागणं, शिंतोडे सगळीकडे. आमचं लहानपण चाळीत गेलं, खोलीच्या कोपऱ्यात ३ बाय ३ ची मोरी, वीतभर कठडा, एक पडदा, त्यात आठ माणसांच्या आंघोळी व्हायच्या आणि बाहेर थेंब यायचा नाही, कारण सगळे बसून आंघोळ करायचे. बसलं की पाणी खांद्यापासून पडतं, साडेतीन-चार फुटाच्या वर काही उडत नाही. तुमच्याकडे बसायला जागा आयती आहे, तो चाकाचा उंचवटा. पण तो फूटभरच असेल ना, गुडघेदुखीला फार खाली होतो, उठताना त्रास होतो. त्यावर सहा इंचाची पेटी बसवून दीड फूट करा, खुर्चीइतकं. पेटीत साबण-तेल-मग राहील. फक्त पेटीला पुढच्या कडेला गोलाई द्या, मांडीला धार लागते.

आणि सीटा काढल्या तेव्हा बसचे उभे पाईप काढलेत का सगळे? नसतील काढले तर त्या जागेजवळचा एक ठेवा. जमिनीपासून छतापर्यंत बोल्ट केलेला पाईप आहे तो, सासूबाईंना धरून उठायला त्यापेक्षा मजबूत काही मिळणार नाही. बाजारातली चिकटवायची हॅंडल घेऊ नका, सक्शनवाली तर अजिबात नको, ओल्या हाताने भार दिला की निसटतात.

गरम पाण्याचं म्हणाल तर ४ लिटर पाणी गॅसवर उकळा आणि १० लिटर साध्या पाण्यात मिसळा, चांगली १४ लिटर कढत आंघोळ होते. गीझर कशाला हवाय त्याला?

राइनकाठचा_पुणेकर

मी जर्मनीत असतो, आमची छोटी कॅम्पर व्हॅन आहे, इथे लोकांच्या बऱ्याच गाड्या आतून बघितल्यात, त्यावरून लिहितो.

मावशी, तुमचा हिशोब बरोबर आहे, १० लिटर २० डिग्रीचं आणि ४ लिटर जवळजवळ उकळतं धरलं तर मिश्रण साधारण ४१ डिग्री होतं, आंघोळीला तेवढंच लागतं. इथे कॅम्परमधे जो ट्रुमा कंपनीचा कॉम्बी हीटर (हवा आणि पाणी दोन्ही गरम करणारा) सर्रास बसवतात त्याची पाण्याची टाकी १० लिटरचीच असते आणि त्यात एक माणूस व्यवस्थित आंघोळ करतो, कारण त्यातही गार पाणी मिसळतात. फक्त सवय लावावी लागते: भिजलं की पाणी बंद, साबण, मग परत चालू. घरच्या शॉवरला मिनिटाला ८-१० लिटर जातात, तिथे १० मिनिटं उभं राहिलं की तुमची टाकीच संपली. म्हणून शॉवरच्या मुठीवर बंद करायचं बटण असलेलाच घ्या.

बॅटरीवर पाणी गरम करायचा विचार असेल तर हे बघा: १० लिटर पाणी २० वरून ४० डिग्रीला न्यायला पाव युनिटच्या जरा कमी वीज लागते. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट. चौघांच्या आंघोळी म्हणजे इन्व्हर्टरमधली गळती धरून बॅटरी जवळजवळ रिकामी, मग पंखा, दिवे, फोन कशावर चालणार? सोलर असला तरी पावसाळ्यात भरवसा नाही. गॅसवर उकळणं हेच बरं.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, घरगुती इन्स्टंट गॅस गीझर बसच्या आत लावू नका. कितीही स्वस्त मिळाला तरी नाही. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला वास नसतो, बंद बाथरूममधे लोक यामुळे दगावलेत, आणि बसही तशीच बंद जागा आहे. किचनच्या शेगडीवर पाणी उकळतानाही खिडकी आणि छताची झडप उघडी हवी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच.

पंपासाठी सोपं म्हणजे बादलीत बुडवायचा चार्जिंगचा कॅम्पिंग शॉवर. बादलीत कढत पाणी, त्यात पंप, वर टेलिफोन शॉवर. भिंतीत पाईप नकोत, गळतीची भीती नाही. झाकण पाडलं की बादलीसकट सगळं कपाटात जातं. पुढे कधी पक्की पाईपलाईन केलीत तर आधी बसची सिस्टीम १२ व्होल्टची आहे की २४ ची ते बघूनच पंप घ्या.

पडदा अंगाला चिकटतो ही सगळ्यांची तक्रार असते, खालच्या शिवणीत लोहचुंबक घाला म्हणजे ट्रेला धरून राहील.

पत्राकाम_सांगली

दादा, बाकी सगळं पटलं पण ३०४ स्टीलला चुंबक धरत नाही. खालच्या शिवणीत पितळी साखळी किंवा मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं शिवून घ्या, मालवण-रत्नागिरीला सहज मिळतात. आणि पडदा नेहमी ट्रेच्या कडेच्या आत सोडा, बाहेर नाही.

कापड ट्रकची जाड ताडपत्री नको, ती घडी करताना कडक पडते आणि ओली ठेवली की कुबट वास मारते. पातळ नायलॉन, आतून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असलेलं, छत्रीच्या कापडासारखं, ते झटकलं की वाळतं.

चाकांवरचं_घर

बाप रे, किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. उभा पाईप आहे अजून! उद्याच काढणार होते तो, आत्ताच फॅब्रिकेटरला फोन करून थांबवला. सासूबाईंना बसून आंघोळीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या मग मला शॉवर नको, तांब्याच द्या, म्हणजे त्यांचा प्रश्न सुटला. नवऱ्याला उभ्यानेच हवी आहे म्हणून पडद्याचा ट्रॅक छताला ठेवते, तीन बाजूंनी, चौथी बाजू बसची भिंत.

आता दोन शंका. भोकाखाली काय लावू, घरच्यासारखा वाकडा ट्रॅप लावला तर चालेल का? आणि आरटीओचं काय?

राइनकाठचा_पुणेकर

वाकडा ट्रॅप नको, त्यात वास अडवायला जे पाणी राहतं ते गाडी हलली की सांडतं आणि मग खाली जी सांडपाण्याची टाकी लावाल तिचा वास आत. सिलिकॉनच्या ओठांचा, पाणी जाताना उघडणारा आणि मग मिटणारा, असा बिनपाण्याचा ट्रॅप मिळतो, झुरळं येऊ नयेत म्हणून आपल्याकडे बाथरूमला लावतात तोच. वर केस अडवायला बारीक जाळी. खाली ६० लिटरचा प्लास्टिकचा टँक, सायलेन्सरपासून लांब, आणि त्याला मोठा बॉल व्हॉल्व्ह. रोजच्या रोज रिकामा करा, साबणाचं पाणी दुसऱ्या दिवशीच वास मारायला लागतं. इथे त्यासाठी ठरलेल्या जागा असतात, तिथे नाहीत तर मुक्कामाच्या ठिकाणी बाथरूममधे ओतायची परवानगी मागा, ओढ्यात किंवा समुद्रावर सोडू नका प्लीज.

आरसी_बुकवाला

आरटीओचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल मनाने करता येत नाही, आरसीवरची सीटसंख्या आणि गाडीचा प्रकार बदलतो. स्कूल बस म्हणून नोंद असलेली गाडी तशीच कॅम्पर म्हणून फिरवली तर अपघातात इन्शुरन्सवाले पहिला हाच मुद्दा काढतील. काम पुढे न्यायच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा आणि काय कागद लागतील ते लेखी घ्या. सीटा आधीच काढल्यात म्हणजे हे या आठवड्यातच करा.

पत्राकाम_सांगली

आणि हे झाल्यावर शेवटचं. ट्रे बसवताना खाली लोखंडी पत्रा असेल तर आधी प्रायमर, मग रबरी शीट, मग ट्रे. कडेने पीयू सीलंट, साधं सिलिकॉन नको, बस सतत पिळवटते आणि सिलिकॉन सुटतं. झाकण आणि पेटी बसवायच्या आधी दोन्ही भोकं बंद करून ट्रेत कडेपर्यंत पाणी भरा आणि रात्रभर ठेवा, घराच्या स्लॅबला करतो तसं. सकाळी खालून कोरडं असेल तर पाणी सोडा, बस खराब रस्त्यावरून तासभर फिरवून आणा, आणि परत भरून बघा. दुसऱ्यांदाही कोरडं असेल तरच पुढचं काम करू द्या. पिटवर घेतल्यावर खालचे फोटो टाका इथे, भोकं कुठे पाडायची ते बघून सांगतो.