‘कुड’ खरंच ‘कॅन’चा भूतकाळ आहे का?

प्रश्न : ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ, असं शाळेत शिकलो. मग ‘कुलूप गंजलं होतं, पण शेवटी मला ते उघडता आलं’ याचं ‘आय कुड ओपन द लॉक’ का होत नाही? आणि भूतकाळच असेल, तर ‘कुड यू हेल्प मी?’ ही आत्ताची विनंती कशी काय?

उत्तर : ‘कुड’ने अंगात असलेली क्षमता सांगितली जाते, पार पडलेलं काम नाही. ‘शी कुड स्विम व्हेन शी वॉज फोर’ म्हणजे चौथ्या वर्षी तिला पोहता येत होतं. अमुक दिवशी ती पोहली की नाही, याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही. कुलूप मात्र एकदाच, त्या वेळी, प्रत्यक्ष उघडलं. तिथे ‘आय वॉज एबल टू ओपन इट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’ म्हणायचं.

हा फरक मराठीला मुळीच परका नाही, उलट आपण तो रोज पाळतो. ‘येत होतं’ किंवा ‘यायचं’ बसलं तर ‘कुड’, ‘आलं’ बसलं तर ‘वॉज एबल टू’. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ इथे ‘कुड’. ‘काल अखेर चढता आलं’ इथे ‘वॉज एबल टू’. नियम पाठ करण्यापेक्षा वाक्य आधी मराठीत बोलून बघावं, कान बरोबर सांगतो.

दोन ठिकाणी ही कसोटी लागू पडत नाही. एक म्हणजे नकार. ‘आय कुडन्ट ओपन द लॉक’ अगदी बरोबर आहे, कारण जमलंच नाही म्हटल्यावर काम झालं नाही हे आलंच. दुसरं ठिकाण म्हणजे दिसणं, ऐकू येणं, वास येणं. ‘आय कुड हिअर समवन सिंगिंग’ हे एकाच वेळचं असूनही चालतं.

प्रश्न : म्हणजे ‘कॅन’ला मराठीत ‘शकणे’ म्हणायचं की ‘येणे’?

उत्तर : दोन्ही, आणि तिसरंही एक आहे. शिकून आलेली कला असेल तर ‘मला पोहता येतं’. परिस्थिती जुळत असेल तर ‘मी उद्या येऊ शकते’. शरीर किंवा मन साथ देत नसेल तर ‘मला चालवत नाही’, ‘मला बघवत नाही’. इंग्रजी या तिन्हींना एकच ‘कॅन’ लावते. ‘मी पोहू शकतो’ हे सरसकट वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं, आपल्याकडचा इतका बारीक भेद त्यात पुसला जातो.

परवानगीचंही तसंच. ‘मी आत येऊ शकतो का?’ हे अलीकडे फार ऐकू येतं, पण ‘येऊ का?’ इतकं पुरतं. इंग्रजीत परवानगीसाठी ‘मे आय’ औपचारिक, ‘कॅन आय’ रोजचं. ‘कॅन’ फक्त क्षमतेसाठीच, असा आग्रह धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : जुन्या इंग्रजीत ‘मे’चं मूळ रूपही ‘सामर्थ्य असणे’ याच अर्थाचं होतं. ते पुढे परवानगीकडे सरकलं, आणि ‘कॅन’ त्याच वाटेने गेलं. ‘कॅन’चं मूळ तर ‘जाणणे’ असं आहे.

आता विनंती. ‘कुड यू’, ‘वुड यू’मध्ये रूप भूतकाळाचं आहे, काळ नाही. ते रूप बोलणाऱ्याला एक पाऊल मागे नेतं आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतं. आपणही हेच करतो. समोर उभं राहून ‘तुम्हाला जरा विचारायचं होतं’ म्हणतो, ते काल विचारायचं होतं म्हणून नव्हे. म्हणूनच ‘विल यू ओपन द विंडो?’पेक्षा ‘कुड यू’ मऊ लागतं. मराठीतलं ‘उघडाल का?’ आदबशीर असलं, तरी त्याचं शब्दशः ‘विल यू’ करू नये. ते कधीकधी हुकमासारखं ऐकू येतं.

‘मे यू ओपन द विंडो?’ मात्र कधीच नाही. मागणीतला ‘मे’ बहुधा ‘आय’ आणि ‘वुई’बरोबर येतो, ‘यू’बरोबर नाही. ‘मे यू’ने सुरू होणारं वाक्य शुभेच्छेचं असतं.

प्रश्न : ‘कुड आय यूज युअर फोन?’ याला ‘येस, यू कुड’ म्हणावं का?

उत्तर : नाही, ‘येस, यू कॅन’ किंवा नुसतं ‘ऑफ कोर्स’. परवानगी मागताना मागे सरकायचं, देताना सरळ द्यायची. आणि कोणी ‘वुड यू माइंड वेटिंग?’ विचारलं, तर ‘येस’ म्हणू नका. प्रश्न ‘हरकत आहे का?’ असा आहे, तेव्हा थांबायला तयार असाल तर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’.