हळद, आतडं आणि सिरोटोनिन

"शरीरातलं ९० टक्के सिरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं, म्हणून हळदीच्या कॅप्सूलने नैराश्य जातं" हा दावा अर्धाच बरोबर आहे. आतड्यातलं सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. आतड्याचा मेंदूशी संवाद चालतो तो व्हेगस मज्जातंतू (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस), रोगप्रतिकारक पेशी आणि जिवाणूंनी तयार केलेली रसायनं यांच्यामार्फत.

हळदीची गंमत वेगळीच आहे. तिच्यातलं कुर्क्युमिन (तिला पिवळा रंग देणारा घटक) रक्तात जेमतेम उतरतं, बरंचसं आतड्यातच राहतं. तिथले ई. कोलायसारखे जिवाणू त्याचं टेट्राहायड्रोकुर्क्युमिन नावाचं वेगळं रसायन करतात. म्हणजे कुणाला ते किती लागू पडेल, यात पोटातल्या बिऱ्हाडकरूंचाही हात असू शकतो. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन (मिऱ्यातला तिखट घटक) दिलं, तर शोषण सुमारे २० पट झालं. पण हेच पायपरीन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं! नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळ्या परस्पर बंद करून तर नाहीच. आमटीतल्या चिमूटभर हळदीला अर्थात कुणाची परवानगी नको.