स.नं. 87/2 गेला कुठे? आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

नानाकाका: सगळ्यांना नमस्कार. आप्पांची ट्रंक आवरताना निफाडच्या जमिनीचा हाताने लिहिलेला जुना उतारा मिळाला. आजोबांचं नाव आहे. स.नं. 87/2, क्षेत्र 6 एकर 14 गुंठे. मोबाईलवर 87 टाकून सातबारा पाहिला तर भलत्याच माणसाचं नाव येतंय. जमीन गेली की काय?

प्रशांत: काका, गेलेली नाही. तो सर्व्हे नंबर आहे, आता गट नंबर चालतो. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली गावोगाव विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सगळे नंबर बदलले. आजच्या गट 87 शी आपला संबंधच नाही. कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या कागदात असतं, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. मी काढून ठेवली आहे. आपला 87/2 म्हणजे गट 214, आणि तो आप्पांच्याच नावावर आहे.

वैशाली: दादा, पण 214 चं क्षेत्र 1 हेक्टर 62 आर दिसतंय. म्हणजे जेमतेम 4 एकर. वरचे 2 एकर 14 गुंठे कुठे गेले?

नानाकाका: आजी सांगायची, ओढ्याकडचं रान कुळाने लाटलं.

प्रशांत: काका, लाटलं म्हणू नका. त्याचा फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, मी पूर्ण वाचलाय. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन, कसत होता तो कूळ कायद्याने खरेदीदार ठरला. कलम 32-ग खाली किंमत ठरली, त्या माणसाने ती भरली, 32-म चं खरेदी प्रमाणपत्र घेतलं. सगळं नोंदीत आहे. ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांना ती मिळाली. त्यांच्या नातवंडांच्या दारात जाऊन कुणी काही बोलू नये ही माझी हात जोडून विनंती.

बेबीआत्या: बरोबर बोललास बाळा. त्यांच्या घरून आपल्याकडे हुरडा यायचा.

वैशाली: फेरफार नेमका शोधायचा कसा? मला तर त्या उताऱ्यात नुसते आकडे आणि खाडाखोड दिसते.

प्रशांत: ती खाडाखोडच वाचायची. जुन्या सातबारावर ज्याचं नाव कमी झालं ते कंसात असतं आणि शेजारी गोल करून एक आकडा. तो फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना 6 ची नक्कल मागायची. त्यात नाव का बदललं ते लिहिलेलं असतं: मयत, खरेदी, वाटणी, कूळ. मग त्याच्या आधीचा उतारा, त्यावरचा गोल, पुन्हा फेरफार. असं आजपासून मागे जायचं. पणजोबांच्या नावापासून सुरुवात केली तर एकाच नावाचे चार जण भेटतात. बरेचसे जुने उतारे ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेले आहेत, बाकी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. सातबारा सुरू होण्याआधीचं हवं असेल तर कडईपत्रक, म्हणजे त्या आधीच्या काळचा जमिनीचा कागद, मागायचं. मोडीत असेल तर वाचून घ्यावं लागेल.

प्रशांत: आता सगळ्यांनी नीट वाचा. पणजोबा वारले त्यानंतरच्या वारस फेरफारात आप्पांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलंय. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे थोरले म्हणून नाव त्यांचं लागलं, जमीन सगळ्या भावंडांची. पुढच्या उताऱ्यात ती तीन अक्षरं उतरलीच नाहीत. आप्पांचे भाऊ तात्याआजोबा, त्यांचं नाव कुठेच नाही.

वैशाली: म्हणजे आमच्या आजोबांचं.

प्रशांत: हो. आणि ते लागलंच पाहिजे. मी आप्पांचा नातू म्हणून सांगतोय.

नानाकाका: तात्या शेवटपर्यंत त्याच बांधावर राबला. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी सही कधीही घ्या.

बेबीआत्या: आणि पणजोबांच्या मुली? सिन्नरला दिलेल्या थोरल्या आत्या होत्या. अजून एक होत्या, त्यांचं नाव मला आठवत नाही.

प्रशांत: आत्या, म्हणूनच वंशावळ आधी. पंचवटीत रामकुंडावर आपल्या उपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून नामावळ ठेवलेली असते. कोण कधी आलं, कुणाचे विधी केले, बरोबर कोण होतं, सगळं वहीत. जमिनीचा पुरावा नाही तो, पण नावं कळतील आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नीट करता येईल.

वैशाली: मी इंदिरानगरला, मला जवळ आहे. रविवारी जाऊन येते. पुढे काय करायचं?

प्रशांत: सगळ्यांची संमती असेल तर तलाठ्यांकडे अर्ज. नुसती लिहिण्यातली चूक ठरली तर तहसीलदार जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्त करतात. जुन्या फेरफारावरच हरकत घ्यायची तर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील. त्याला मुदत 60 दिवसांची, त्यामुळे विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. आणि कुणी म्हणालं ‘सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही’, तर ऐकून घेऊ नका. ती महसुलाची नोंद आहे. मालकीचा वाद झालाच तर निकाल दिवाणी कोर्ट देतं.

नानाकाका: वाद कशाला? आपणच आहोत ना सगळे. प्रशांत, तो उतारा लॅमिनेट करायला टाकू का? घडीवर फाटायला आलाय.

प्रशांत: नको काका, लॅमिनेशन अजिबात नको. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. मागच्या बाजूला तलाठ्याचा शेरा असू शकतो.