शब्दचर्चा: शुद्ध, पवित्र, पवित्रीकरण

प्रश्न: सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघासाठी 'शुद्ध जीवन' या विषयावर वर्ग घ्यायचा आहे. एका मुलीने आधीच विचारून ठेवलंय, "शुद्ध राहायचं म्हणजे कुणाकुणापासून लांब राहायचं?" शुद्ध, पवित्र आणि पवित्रीकरण यांत फरक आहे का?

उत्तर: ताई, सलाम. मुलीचा प्रश्न अगदी वर्मावर आहे.

'पवित्र' म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं. मंदिरातली पात्रं पवित्र ठरत ती देवाच्या सेवेला लागल्यामुळे. 'शुद्ध' म्हणजे भेसळ नसलेलं. बायबलमधल्या 'जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य' या येशूच्या वचनातला मूळ ग्रीक शब्द 'काथारोस'. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात तोच शब्द सोन्यालाही लावलाय. म्हणजे मन एकाच धन्याचं असणं. आता ग्रुपवर 'प्रार्थनेत आठवण ठेवा' असं लिहून आपण दुसऱ्याच्या घरचं भांडण पुढे ढकलतो. शब्द प्रार्थनेचे, चव चहाडीची. भेसळ म्हणतात ती हीच.

तरुणांच्या वर्गात 'शुद्धता' म्हटलं की विषय फक्त शरीरसंबंधांवर येऊन थांबतो. तो महत्त्वाचा आहेच. पण मार्कच्या शुभवर्तमानातली (7:21-22) यादी फळ्यावर लिहा: जारकर्माच्या बरोबरीने चोरी, लोभ, कपट, हेवा, निंदा, गर्व. खोटं प्रवासबिल लावणाराही त्याच रांगेत उभा आहे, हे पोरांना कळू द्या. मोठ्यांनाही.

चर्चेतले आणखी एक जण: 'लांब राहणं' हा अर्थ आपल्या कानात सोवळ्या-ओवळ्यातून आला असावा. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या तरी काही काळ त्यांचं सोवळं चालूच होतं. ते गळून पडलं आणि मगच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

उत्तर: नेमकं बोललात. विटाळाच्या हिशेबात अशुद्ध माणूस शिवला की शुद्ध माणूस बाटतो. मार्कच्या पहिल्याच अध्यायात हा हिशेब उलटा होतो. येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि शुद्ध होतो तो कुष्ठरोगी. त्या मुलीला उत्तर म्हणून ही गोष्टच वाचून दाखवा.

प्रश्न: आणि पवित्रीकरण? पोरांना फार जड जातो हा शब्द.

उत्तर: जड आहे, पण टाकू नका. त्यातलं '-करण' मोलाचं आहे: माणसाला पवित्र करण्याचं हे काम चालू असतं, आयुष्यभर, आणि मुख्य कर्ता पवित्र आत्मा. इब्री 12:14 त्यासाठी झटायलाही सांगतं. म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणं नाही आणि स्वतःच्या जोरावर साधू होणंही नाही. योहान 15 मधली वेल घ्या. तिथे फांदी छाटण्याचं क्रियापद आणि 'तुम्ही शुद्ध आहात' मधला शब्द ग्रीकमध्ये एकाच कुळातले. नाशिककडची पोरं असतील तर लगेच समजतील: द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी, आणि दरवर्षी दोन्ही करायच्या. छाटतात ती जिवंत वेल, फळासाठी.

वर्गाचा शेवट याकोब 1:27 ने करा. शुद्ध व निर्मळ धर्माचरण म्हणजे अनाथ-विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं आणि स्वतःला जगापासून निष्कलंक ठेवणं. जवळ जाणं आणि डाग न लागू देणं, दोन्ही एकाच वाक्यात. एवढं मात्र आधी सांगा की 'समाचार घेणे' म्हणजे इथे विचारपूस करणं, घरी जाऊन भेटणं. आजच्या बोलीत त्याचा अर्थ खडसावणं असा झालाय, आणि पोरं तोच धरून बसतील.