मोरीतनं शिवारात येणारं काळं पाणी कसं अडवायचं?

येळ्ळूरचा_भातवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमची दीड एकर भातजमीन. वरच्या अंगाला डांबरी रस्ता, त्याच्या मोरीचं तोंड नेमकं आमच्या बांधावर. तिथनं पाणी चरात, चरातनं बळ्ळारी नाल्यात, पुढं मार्कंडेय आणि घटप्रभा नद्यांत.

परवा वळीव झाला. पहिली दहा-पंधरा मिनिटं मोरीतनं शाईसारखं पाणी, वर मोरपंखी तवंग. तासाभरानं तेच पाणी नुसतं गढूळ. चरात पूर्वी खेकडी मिळायची, आता शोधून एक दिसत नाही. कोरड्या रानातली धूळवाफ पेरणी तोंडावर आलीय. मोरीच बुजवावी म्हणतोय. बुजवू का?

जुना_मुकादम:
भावा, मोरी बुजवू नकोस. पाणी रस्त्यावर तुंबून भराव खचेल आणि सगळा गाव तुझ्या दारात येईल.

तू जे बघितलास तेच खरं दुखणं. उन्हाळाभर रस्त्यावर टायरची झीज, ब्रेकची भुकटी, गळालेलं ऑइल साचतं. टायरात जस्त, ब्रेकात तांबं. पहिल्या पाण्यात त्यातलं बरंचसं धुऊन येतं. म्हणून अख्खा पाऊस अडवायच्या भानगडीत पडू नकोस, पहिलं पाणी धर.

मोरीच्या तोंडाशी गाळखड्डा काढ. खड्ड्यातनं बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूनं एल्बो, म्हणजे वाकडा जोड लाव, तोंड खाली, पाण्यात बुडलेलं. तेल तरंगतं, ते आतच राहतं. पाणी खालनं निघतं. आणि जादा पाणी बाहेरनं जायला बाजूला दगडी सांडवा ठेवायला विसरू नकोस. आषाढातला पाऊस खड्ड्यात घुसला तर तळाचा गाळ ढवळून परत तुझ्याच शेतात. रस्त्याच्या हद्दीत खणणार असशील तर आधी परवानगी घे. अर्ज कन्नडात लिहून दे, लवकर हलतो.

कडोलीकर७२:
शहराचं मैलापाणी नाल्यात येतं त्याचं काय? ते सोडून रस्त्याचं पाणी कशाला धरून बसलाय?

शिवारातली_ताई:
कडोलीकर, मैलापाण्याला निदान शुद्धीकरण केंद्राचा रस्ता असतो. मोरीचं पाणी थेट ओढ्यात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस झाला की शहराजवळच्या ओढ्यांत कोहो सॅल्मन मासे मरायचे. कारण 2020 साली उघड झालं: टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घालतात ते सिक्स-पीपीडी. ओझोनशी संयोग झाला की त्यातनं विषारी पदार्थ तयार होतो. तो मासा वेगळा, आपली खेकडी वेगळी. पण मैला नसतानाही रस्त्याचं पाणी जीव घेतं, हे त्यातनं कळतं.

मुकादम मामांच्या खड्ड्यात गाळ आणि तेल थांबेल, विरघळलेलं जस्त-तांबं नाही. त्याला माती आणि मुळं लागतात. खड्ड्यापुढचा चर रुंद, उथळ करा, ढाळ कमी ठेवा, हराळी आणि वाळा लावा. पाणी खळाळत पळालं तर गवत फुकट, म्हणून मध्ये मध्ये दगडाच्या आडव्या ओळी टाका. आम्ही पहिल्या वर्षी त्या टाकल्या नाहीत, निम्मा वाळा वाहून गेला.

त्या चरातलं गवत म्हशीला घालू नका. गाळ तर शेतात बिलकुल नको, दिसायला कितीही कसदार असू दे.

जुना_मुकादम:
ताईचं बरोबर. गाळ वळवाच्या आधी काढायचा, नंतर नव्हे. आणि एक विचारायचं राहिलं: त्या मोरीवर गाड्या कोण धुतंय?

येळ्ळूरचा_भातवाला:
काय सांगू मामा, आमचाच ट्रॅक्टर. पाणी जवळ म्हणून तिथंच धुतो, खंडेनवमीला तर शेजाऱ्यांचे दोन-तीन आणि असतात. ऑइल बदलणंही तिथंच झालंय एकदा-दोनदा. आता अंगणात धुवायचा म्हटलं तर आई चपलीनं मारेल.

जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याला देतो. रविवारी खड्डा आखायला घेतो. एल्बो चार इंची चालेल की सहा?

जुना_मुकादम:
सहा. चार इंचीत पाला अडकतो.